मोहिनीने मोजलेला वेळ

मोहिनी देवळ्याची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि १९९७ साली सातपूरला दिनेशच्या घरात लग्न होऊन आली. वर घर, खाली वर्कशॉप. थोरला दीर धनराज तिथे पॉवर प्रेसचे, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांचे, कंट्रोलर बनवायचा. कामगाराचा हात प्रेसखाली गेला की समोरचा प्रकाशकिरण तुटायचा, आणि बोर्डवरची चिप प्रेस थांबवायची. चिपमधला प्रोग्राम धनराजने स्वतः लिहिलेला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मोहिनी खाली टेस्टिंगच्या टेबलाशी बसू लागली. बसशील का, असं कोणी विचारलं नव्हतं.

एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, प्रेस कधीकधी उशिरा थांबते. प्रोग्राम एकामागून एक कामं उरकून पुन्हा पहिल्यावर यायचा. मोहिनीने हा फेरा सुरू होताना चिपची एक पिन चालू आणि संपताना बंद होईल असं केलं, आणि ती पिन विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला जोडली. फेऱ्याला लागेल तेवढ्या रुंदीचा ठोकळा पडद्यावर दिसायचा; एरवी तो अरुंद होता. पण बोर्डच्या डिस्प्लेवर तयार नगांचा आकडा बदलला की एकदम रुंदावायचा. चिप आकडे लिहिण्यात गुंतलेली असायची, तेवढ्यात किरणाकडे कोणाचंच लक्ष नसायचं.

"भाऊजी, फेरा लांबतोय."

"मी मोजलाय तो. चिपच्याच टायमरने."

"टायमर भरला की परत शून्यापासून मोजतो. मधे तो भरून गेला, ते धरलंच नाही. म्हणून वेळ कमी दिसला."

धनराजचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "नव्या बोर्डात काय करायचं ते कर. गेलेला माल परत बोलवायचा नाही. कोण विचारेल मग आपल्याला?"

त्या दिवशी जेवताना सासूबाई मंगलाबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "खालचं खाली ठेवावं, पोरी." दिनेशने आणखी एक भाकरी मागून घेतली. परक्याची नोकरी असती तर मोहिनीने सोडली असती. इथे सोडायचं म्हणजे घर सोडायचं. देवळ्याला जाऊन आईला काय सांगणार, टायमर चुकतो म्हणून आले?

डिस्प्लेवर सगळा आकडा एकदम न लिहिता दर फेऱ्याला एकच अंक लिहायचा, असा बदल तिने केला. ठोकळा अरुंदच राहू लागला. मग तिने काही चिपांमध्ये हा नवा प्रोग्राम भरला आणि दिनेशला म्हणाली, "मला अंबडला सोडा. तिथे आपले जुने बोर्ड आहेत."

"दादाला काय सांगू?"

"खरं ते सांगा."

तिथल्या दोन शेडमधल्या प्रेसच्या चिपा तिने बदलल्या. धनराजला कळलं तेव्हा तो ओरडला नाही. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र त्याने उचललं, आपल्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. पुढे गरजेपुरतं तोच काढून द्यायचा, आणि काम होईपर्यंत शेजारी उभा राहायचा.

जुना बोर्ड दुरुस्तीला आला तरच त्याची चिप बदलायची, एवढीच मुभा तिला राहिली. काही बोर्ड आले, बरेचसे आलेच नाहीत. २००५ साली मोहिनी त्याच टेबलाशी होती. शेजारच्या गाळ्यात नवी प्रेस बसली होती, दिवसभर धाडधाड चालायची. आवाज मधेच थांबला की, कोणाचा हात तर गेला नाही ना, असं वाटून तिचा हात कामावरून उचलला जायचा. आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत ती तशीच बसून राहायची.