कुसगावच्या लॉफ्टमध्ये उतू गेलेलं दूध

दसऱ्याचा दिवस, फ्लॅट बुकिंगचं टोकन एक्कावन्न हजार. हजर – मी, माझी बायको सुनंदा, तिची धाकटी बहीण ज्योती आणि ज्योतीचे यजमान, म्हणजे माझे साडू विलासराव. पुढे जे घडलं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही बसला असं म्हणवत नाही. म्हणून झालं तेवढंच लिहितो.

कुसगावच्या एका लॉफ्ट-अपार्टमेंट स्कीममध्ये किती फ्लॅट विकले, किती शिल्लक, किती 'होल्ड'वर म्हणजे कुणासाठी राखून ठेवलेले, याची शीट मी सांभाळतो. सातव्या मजल्यावरचा ७०२ मी स्वतःसाठी होल्डवर ठेवला होता. आतूनच जिना, वर लाकडी पोटमाळा, खिडकीत डोंगर... पैसे जमेनात. साहेबांनी होल्ड काढला आणि नेमका विलासरावांनी घेतला. पेढे मीच वाटले. मी मात्र एकही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीट प्रत्यक्ष फ्लॅटशी ताडून बघायला गेलो. ७०२चं कुलूप मीच उघडलं. आत दूध उतू गेल्याचा वास! गृहप्रवेशाला उतू घालवतात ना, तसं. ओट्यावर ओघळ, बोट लावलं तर कोमट. फ्लॅटमध्ये गॅस नाही, वीजसुद्धा नाही. आणि वरून सुनंदाचा आवाज – "अहो, चपला बाहेर काढा."

मी काढल्यासुद्धा! वर गेलो तर कुणी नाही. फोन लावला; सुनंदा तळेगावात, बँकेच्या रांगेत.

वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "सायेब, किल्ली तुमच्यापाशीच व्हती की."

घेणाऱ्याला सांगायला हवं, म्हणून संध्याकाळी विलासरावांकडे जाऊन सांगितलं. ते हसले, "बरं झालं साडूभाऊ, आमचं अर्धा लिटर वाचलं!"

ज्योती मात्र पांढरी पडली. "आवाज ताईचा होता ना भाऊजी? मग घर ताईचं. मला नको."

घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "खरं असेलही तुमचं. पण जळत होतात ना? बहिणीला घाबरवून मिळालेल्या घरात मी पाय ठेवणार नाही."

जळत होतो, हे खरं. पण खोटंच रचायचं असतं, तर त्यात तिचा आवाज कशाला घातला असता?

बुकिंग रद्द झालं. ७०२ शीटवर अजून 'शिल्लक' आहे. त्या दुधाचा उलगडा मला आजवर झालेला नाही. ऑफिसने कपात करून एक्केचाळीस हजार परत दिले. उरलेले दहा हजार मी माझ्या खिशातून विलासरावांच्या हातात ठेवले. त्यांनी नको म्हटलं नाही.