उंच पोरगी

तिसरीत असताना वर्गात सगळ्यांत उंच मी होते, मुलांपेक्षाही. चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावच्या शाळेत बाईंनी मला शेवटच्या ओळीत बसवलं होतं, कारण माझ्या मागे बसणाऱ्याला फळा दिसत नसे. केंद्राच्या खेळांत मी पळण्यात पहिली आले तेव्हा दुसऱ्या शाळेच्या गुरुजींनी हरकत घेतली. ही तिसरीची नाहीच, सहावी-सातवीची पोरगी आणून पळवली, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी घरून जन्माचा दाखला आणून त्यांच्या हातात दिला आणि हा किस्सा पुढं वर्षभर रंगवून सांगितला. आमच्या संत्र्याच्या बागेत माल पाहायला व्यापारी आला, की ते मला हाक मारून त्याच्यासमोर उभं करत. म्हणत, "पोरगी पोलिसात जाईन."

बाबांना जे ठाऊक नव्हतं ते आईला ठाऊक होतं. दुसरीच्या हिवाळ्यात मला आंघोळ घालताना तिचा हात माझ्या छातीवर थांबला होता. तिथं गाठीसारखं काही लागलं. तिनं दाबून पाहिलं, मला दुखलं. तिनं ते मोठ्या आईच्या, म्हणजे माझ्या मोठ्या काकूच्या, कानावर घातलं. घरात शब्द तिचाच चाले. मोठ्या आईनं बजावलं, की हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही आणि पुरुषांनाही कळू द्यायचं नाही. उद्या पोरीची सोयरीक व्हायची आहे. मला घट्ट शमीज शिवली गेली.

तरी आई एकदा बाजाराचं निमित्त करून मला तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यानं मला नीट पाहिलंसुद्धा नाही. हल्ली खाणंपिणं चांगलं असतं, पोरी लवकर भरतात, काळजी करू नका, म्हणाला. आईला हेच ऐकायचं होतं. तिनं परत येताना मला जिलेबी घेऊन दिली.

आठव्या वर्षी मला पाळी आली. माझ्या पोटात काहीतरी फुटलं आणि आता मी मरणार, असं मला वाटलं होतं. आईनं कापड कसं घ्यायचं ते दाखवलं, आणि कुणाजवळ बोललीस तर याद राख, एवढंच सांगितलं. दर महिन्याला मला ताप आलाय असं शाळेत कळवलं जायचं. पुढं सहावीत वर्गातल्या मुली कोपऱ्यात कुजबुजू लागल्या आणि तुला यातलं काही कळत नाही म्हणून मला बाजूला सारू लागल्या. मला सगळं कळत होतं. तोंड उघडायची सोय नव्हती.

एसटीत कंडक्टर अर्ध्या तिकिटावरून भांडायचा. बाजारात पुरुषांच्या नजरा माझ्यावर थांबायच्या. त्यांचा अर्थ मला लागत नव्हता. आईला लागायचा, आणि ती चापट मलाच मारायची, ओढणी नीट घे म्हणून. मी तेव्हा चौथीत होते आणि घरी भातुकली खेळत होते.

मग वाढ थांबली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेचा ड्रेस दोन-दोन वर्षं पुरतो म्हणून आई खूशच होती. सातवीत प्रार्थनेच्या रांगेत मी सगळ्यांत पुढं आले, तेव्हा बाबा दचकले. त्यांनी मला रोज आंब्याच्या फांदीला लोंबकळायला लावलं, उकडलेली अंडी खाऊ घातली. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून अमरावतीला मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आईही सोबत आली.

त्यांनी माझ्या डाव्या हाताचा एक्स-रे काढला आणि पाळी कधी सुरू झाली ते विचारलं. आई भिंतीकडे पाहत म्हणाली, आठव्या वर्षी. बाबा हे पहिल्यांदाच ऐकत होते.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. माझ्या शरीरानं वयात येण्याची घाई केली होती. अशी मुलं आधी भराभर वाढतात, पण हाडंही लवकर पिकतात आणि वाढ लवकर संपते. सातव्या वर्षी आणलं असतं, तर हे इंजेक्शनांनी थोपवता आलं असतं.

"आता हाडं मिटली आहेत," त्या म्हणाल्या. "आता काही देऊन उपयोग नाही."

बाहेर ऑटोपाशी बाबांनी आईला विचारलं, "मले काहून नाई सांगितलं?"

"कोणाले सांगू?" आई म्हणाली. "तुमी तं तिच्या उंचीचे पेढे वाटून राह्यले होते."

त्यानंतर बाबांनी मला कुणापुढे उभं केलं नाही.

मी पोलिसभरतीला मात्र गेले. अकोल्याला मावशीकडे जाते असं सांगून गेले. मापाच्या पट्टीखाली उभी राहिले. तिथल्या बाईंनी ताठ उभं राहायला सांगितलं, पुन्हा मापलं, आणि मागच्या मुलीला पुढं बोलावलं. पळण्याची पाळीच आली नाही. आता मी अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. नवीन विद्यार्थी मला विद्यार्थिनी समजून कोणती बॅच म्हणून विचारतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेले असताना भाचीला, भावाच्या मुलीला, न्हाऊ घालत होते. ती दुसरीत होती. माझा हात जिथं थांबला तिथं आईचाही थांबला होता. मी लगेच वहिनीला सांगितलं. मोठी आई ओट्यावर बसली होती. तिनं जुनंच सुरू केलं, की बोभाटा नको, पोरीची जात आहे.

"मोठी आई," मी म्हणाले, "तुमचं ऐकलं म्हणून मी एवढी राह्यली. आता तुमी बोलू नोका."

ती रडली. पोरगी शिकून उर्मट झाली, असं तिनं नंतर सगळ्या भावकीत सांगितलं. मी भाचीला आणि वहिनीला घेऊन अमरावतीला आले. तपासण्या झाल्या, डोक्याचा एमआरआय झाला, त्यात काही वाईट निघालं नाही. महिन्याला एक इंजेक्शन सुरू झालं. मी दर वेळी रजा टाकून सोबत जात होते, कारण सुई पाहिली की भाची माझाच हात धरायची.

गावात वहिनी सांगते, पोरीच्या दातांचं काम चालू आहे. मागच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "ताई, आता तुमी नोका येऊ. तुमाले पाहून दवाखान्यात लोक इचारतात, हिलेबी तसंच हाय का म्हणून."

मी बरं म्हटलं. भाची वाढते आहे, वयाच्या मानानं, हळूहळू. भाऊ फोनवर तिची उंची सांगतो, आणि आपण वेळेवर लक्ष दिलं, असं म्हणतो.

आई हे सगळं ऐकत असते. माझ्याबद्दल ती एका शब्दानं कधी बोललेली नाही. गावी गेले की माझ्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढते, आणि मी जेवून उठेपर्यंत मान वर करत नाही.