बदली : निरंक

घोटभर चहा पाजायचा आणि म्हाताऱ्याची अब्रू काढून घ्यायची, ही तुमची खोडच हाय. लग्नाच्या पंगतीत सांगा, पारावर सांगा. परवा मयताला गेलो तर तिथंबी एकानं कानाला लागून इचारलं, "आबा, ते फुटबॉलचं नेमकं काय झालतं वो?" आरं, राख सावडायची का फुटबॉल? आता एकदाच सांगतो. हसायचं असलं तर सुरवातीला हसून घ्या, फुडं हसण्यासारखं लय काय न्हाई.

मी शिकलो चवथीपतुर. तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून तीस वर्सं काढली, त्यातली निम्मी बदलीच्या भ्यानं. सायबाला चहा गार मिळाला, बदली पाटणला. तिथं अंगावरची कापडं वाळंनात. पाटणला जरा तोंड सोडलं, बदली आटपाडीला. तिथं कापडं धुवायला पाणी न्हाई! त्यामुळं 'बदली' ह्यो शब्द नुसता छापलेला दिसला तरी मी वळकटी बांधायला घेतो.

रिटायर होऊन गावाकडं आलो. कुंडलच्या शेजारीच आमचं गाव. आमच्या तालमीचा फुटबॉलचा संघ हाय. कैक वर्सं जिल्ह्याच्या खालच्या गटात कुजत पडला व्हता, आणि पोरांनी एकदाचा जिंकून वरच्या गटात नेला. गुलाल उधळला, भाषणं झाली. मग निघालं की मॅनेजर कोण? कागदपत्रं बगायला सरकारी माणूस पायजे. झालो मी मॅनेजर! फुटबॉल मला कळतो किती? चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला की टोपी उडवायची, आपल्या जाळ्यात आला की रेफ्रीला शिव्या द्यायच्या.

कॅप्टन व्हता अमोल थोरात. तिशीचा गडी, घरचा ऊस, बचावाच्या फळीत मधोमध खांबासारखा हुबा ऱ्हायचा. मला म्हणायचा, "आबा, यंदा वरच्या गटात टिकलो की जिकलं. परत खाली गेलो तर पोरं फुटत्यात. संघच ऱ्हायचा न्हाई."

निम्म्या हंगामापतुर बरं चाललं व्हतं. मग अवकाळीनं सांगलीच्या मैदानाचं तळं केलं. ते वाळतंय तवर कुणा पुढाऱ्याची सभा आली, मंडपाच्या खांबांनी सगळं मैदान उकरलं. महिनाभर खेळ बंद. आणि मग लीगच्या कमिटीला एकदम जाग आली : उरलेले पाच सामने धा दिवसांत! एक दिवसाआड मॅच! आवं, गाडीचा बैल असा जुपला तर त्योबी तिसऱ्या दिवशी बसून घेतोय.

पर अमोल घाबरला न्हाई. "अठरा गडी हायत, आबा. अकरा आत, सात एक्स्ट्रा. दमला की काढायचा, ताजा घालायचा. एक्स्ट्रांवर तरून जाऊ." पोरं त्यांना एक्स्ट्राच म्हणत्यात बरं का. तालमीत एक्स्ट्रा, मैदानात एक्स्ट्रा. दुसरा शब्द म्हणून माज्या कानावर कवा पडला न्हाई.

तेवढ्यात कमिटीनं सगळ्या संघांकडं नवा फॉर्म धाडला. उरलेल्या सामन्यांसाठी यादी नव्यानं द्या. सुरवातीच्या यादीत अठरा नावं एकाखाली एक लिवून भागलं व्हतं. वरच्या बाजूला अकरा नावांच्या ओळी. त्या भरल्या. खाली छापलं व्हतं, 'बदली खेळाडू'.

वळकटीच आठवली! कुणाची बदली झाली? एकेकाला आठवून बगितलं. कुणी गाव सोडलं न्हाई, कुणी दुसऱ्या संघात गेलं न्हाई. अठराच्या अठरा जाग्यावर. म्हणलं, चांगलंच हाय की! मग कचेरीत सायेब लिवायचे तसं ऐटीत लिवलं, 'निरंक'. म्हंजे काय न्हाई. मागनं कुणी नाव घुसडू नये म्हणून खाली तिरकी रेघ मारली, रेघेवर सही ठोकली. आणि एक्स्ट्रांची नावं? त्यांना फॉर्मात जागाच दिसंना. म्हणलं, अकरांच्या मागं सात असत्यातच, त्यात लिवायचं काय?

अमोल म्हणाला, "आबा, एकदा बघू का मी फॉर्म?"

"तू उसाला पाणी बग. कागद माज्यावर सोड."

त्यानं सोडला.

पहिल्या मॅचला आमच्या एका पोराच्या पोटरीला वांब आला, पाय आखडून बसला. एक्स्ट्रा कडंला तयार, नाडी बांधून. टेबलावरच्या पंचानं यादी काढली, वरनं खाली वाचली, आणि मान हलवली.

"तुमच्यात बदली नाही."

"का?"

"यादीत नाही म्हणून नाही."

मी काय समजावं? गडी बदलायची बंदी आली! धा दिवसांत सगळं उरकायचंय म्हणून कमिटीनं नवा नियम काढला असणार. पोरांना तसंच सांगितलं.

अमोल म्हणाला, "आवं आबा, समोरच्यांनी तर आत्ताच दोघं बदलले!"

"त्यांचा वशिला हाय."

"मग कमिटीला इचारूया की."

"येड्या, कचेरीला इचारायचं नसतं. कचेरी इचारती, आपुन उत्तर द्यायचं. तीस वर्सांत येवढं शिकलोय मी."

त्यांनी मानलं. आणि मला वाटलं, बगा, पोरं कशी माज्या शब्दाभाईर न्हाईत!

त्या मॅचला हरलो. दुसरीला हरलो. तिसरीला बरोबरी झाली, पर एकजण मैदानातच ओकला. आणि हिकडं सात ताजी पोरं, अंगात नवा ड्रेस, पायात बूट, बाकावर मांडी घालून. वऱ्हाडी कसं जेवणाची वाट बगत बसत्यात, तशी! एकजण तर चवथ्या मॅचला घरनं शेंगा घिऊन आला. मी खेकसलो, तर म्हणतो, "मग काय करू आबा? टाळ्या वाजवून हात दुखलं." तीबी मॅच गेली.

शेवटच्या मॅचला नुसती बरोबरी पायजे व्हती. बरोबरी केली की वर टिकलो. अर्धी पोरं लंगडत उतरली. दोघं मधीच भाईर पडले, आत ऱ्हायले नऊ. अमोलचा गुडघा कोहळ्यासारखा सुजला व्हता. मी कडंनं वरडलो, "अमोल, भाईर ये!"

त्यो म्हणाला, "भाईर आलो तर आत कोण येणार, आबा?"

शेवटची पाच मिन्टं ऱ्हायली व्हती. चेंडू त्याच्याकडं आला, ह्यो वळाला आणि गुडघा वळाला न्हाई. खाली कोसळला. चेंडू आमच्या जाळ्यात. मी रेफ्रीला शिवीबी दिली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सतरा पोरं टेम्पोत घातली आणि सांगलीला कमिटीच्या दारात गेलो. अठरावा मिरजेच्या दवाखान्यात. लीगचे सेक्रेटरी म्हंजे एक रिटायर मास्तर, लय गरीब स्वभावाचा माणूस. मी टेबलावर मूठ आपटली.

"सगळ्यांनी गडी बदलले, आमालाच बंदी का? आमी खेड्यातली म्हणून?"

"बंदी कुणी केली, आबा? तुम्हीच लिहून दिलंय." मास्तरांनी फॉर्म फुडं ठिवला. "बदली खेळाडू, निरंक. मला तर वाईट वाटलं होतं. म्हटलं, सगळी पोरं सैन्यात भरती झाली वाटतं."

"मग बरोबरच लिवलंय! कुणाची बदली झालीय? अठराच्या अठरा गावात हायत!"

मास्तरांनी चष्मा काढला. माज्या मागनं शेंगावाल्याचा आवाज आला.

"आबा... बदली म्हंजे एक्स्ट्रा वो."

टेम्पोत मी फुडं डायव्हरपाशी बसलो. मागनं पलूसपतुर शिव्या ऐकू येत व्हत्या, त्यातल्या काय मला तीस वर्सांच्या नोकरीतबी ऐकायला मिळाल्या न्हवत्या. फुडं पोरं फुटली. चौघं शेजारच्या गावाकडनं खेळत्यात. तालमीत आता गोलच्या जाळ्यात कुणीतरी कडबा बांधून ठिवलाय.

शिव्या खाल्ल्या ते बरं झालं. शिव्यांनी माणूस हलका व्हतो. पोरांनी दिल्या, त्यांच्या आयांनी दिल्या, आमच्या हिनं रोज ताटासंगं वाढल्या. फिटलं.

पर अमोल. डाक्तरनं त्याचा फुटबॉल कायमचा बंद केलाय. रोज सकाळी दुधाची किटली घिऊन डेअरीला लंगडत जातो, माज्या दारावरनं. मी मान खाली घालतो, तर ह्यो मुद्दाम थांबतो. "राम राम आबा. चहा झाला का?" एक दिवस मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "आरं, गुडघ्याची आण हाय तुला, एक शिवी तरी घाल मला!"

तर हसून म्हणतो, "तुमची कसली चूक, आबा? फॉर्म मी बगायला पायजे व्हता."

ऐकलंत? आख्ख्या जन्मात मी एकच मोठी चूक केली, तीबी ह्या गड्यानं माज्याकडं ठिवली न्हाई! त्याची माफी मी तीनदा मागितली. आता माजी माफी मागायची पाळी गावात एकाच माणसाची हाय, रोज सकाळी राम राम घालून मला जित्ता मारतोय त्याची.

अमोल थोरातची.