आधी उतरून दाखवा

कुसुम कोणाच्याही घरी गेली की आधी जिना चढायचीच नाही. ती खाली उभी राहायची, घरच्या माणसांना वर पाठवायची आणि म्हणायची, "आता उतरून दाखवा." माणसं हसायची. रेलिंग करणारी बाई टेप काढील, मोबाइलवर डिझाइनचे फोटो दाखवील, असं त्यांना वाटायचं. ही मात्र खालच्या पायरीवर दोन्ही हात अर्धवट पसरून उभी राहायची. उतरणारा आत्ता पडणार आणि आपण त्याला झेलणार, असा चेहरा करून.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात. पुतणीच्या लग्नासाठी हॉल बघायला गेले होते. मालक जिन्याला नवं रेलिंग बसवत होता. त्याला ते सोनेरी हवं होतं आणि प्रत्येक वळणावर कमळ, पाकळ्या बाहेर फुललेल्या. नमुन्याचं एक कमळ लावून बघितलं होतं. साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट घातलेली एक किडकिडीत बाई त्याच्याशी वाद घालत होती. शर्टाला ठिणग्यांची भोकं होती.

"अहो बाई, मी रोज हा जिना उतरतो. मी कशाला पडतोय?" मालक म्हणाला.

"तुमी न्हाई पडणार साहेब. तुमच्याकडं जेवून, कडेवर लेकरू घेऊन, नवी साडी नेसून उतरणारी पडंल." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुमी जरा वर जाता का? उतरून दाखवा यांना."

ओळख ना पाळख. पण मी गेले. उतरताना वळणावर माझा पदर कमळाच्या पाकळीत अडकला आणि मी जागीच ओढली गेले. मालक आधी हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. कमळं शेवटी जिन्यावरून निघाली आणि स्टेजमागच्या भिंतीवर गेली.

कुसुम परभणीकडची. नवरा चाकणला कंपनीत वेल्डर होता. ती नोकरी सुटल्यावर दोघांनी भोसरीला पत्र्याची शेड घेतली आणि घरांना, दुकानांना, क्लासेसना रेलिंग करून द्यायला लागले. तो वेल्डिंग करायचा आणि बोलायचा नाही. माणसांशी बोलणं, माप घेणं, कोणत्या जिन्याला काय शोभेल आणि काय टिकेल ते ठरवणं हे हिच्याकडे. ती बोलायला लागली की ऐकणारा दमायचा, कारण तिच्या प्रत्येक वाक्यात कोणीतरी पडत असायचं. "ह्या दांड्यांतून लेकराचं डोकं जाईल." "इथं टोक उघडं ठेवलं तर बाही अडकंल." "पायरी संपली हे पायाला कळतं मावशी, हाताला उशिरा कळतं. पाइप पायरीच्या पुढं गेला पाहिजे." आणि नेहमीचं एक, "चढताना माणूस स्वतःचा असतो, उतरताना जिन्याचा."

लोक म्हणायचे, हिचं कोणीतरी जिन्यावरून पडून गेलं असणार, म्हणून ही अशी. मला मागून बोललेलं आवडत नाही. मी तिला तोंडावर विचारलं, "काय गं, तुझं कोण पडलं?"

"कुणीच न्हाई," ती म्हणाली. "मी बसवलेल्या रेलिंगवरून आजवर कुणी पडलेलं न्हाई. त्याचंच भेव वाटतं. पहिला कोण असंल?"

मी म्हटलं, "तू दुसरा धंदा बघ." ती म्हणाली, "दुसऱ्या धंद्यात काय भेव नसतं?"

त्यानंतर आमच्या ह्यांना झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला. तोंड थोडं वाकडं झालं, पण बोलणं शाबूत राहिलं आणि हट्टही. आमचं घर संत तुकाराम नगरात. खालचा गाळा शिलाईवाल्याला भाड्याने दिलेला, आम्ही वर. जिना घराच्या बाहेरून, भिंतीला चिकटून. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा विटांचा कठडा. इतकी वर्षं त्या जिन्यावरून आम्ही गॅसचे सिलिंडर नेले, पिंपातून पाणी नेलं, कोणी पडलं नाही. आता त्याच जिन्याच्या पायऱ्या मी मोजायला लागले.

मुलगा विजय मोशीला राहतो, बाराव्या मजल्यावर. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, बाबांना एकट्याला उतरता आलं तर इथे राहा. नाही आलं तर घर विकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे या. मी शिफ्टला असताना फोन आला तर मी चाकणहून कधी पोचणार?" तो चुकीचं बोलत नव्हता. पण ह्यांचं सगळं आयुष्य खाली होतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर कंपनीतले जुने दोस्त जमत. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बाराव्या मजल्यावर बसून मी काय घारी मोजू?"

मी कुसुमला बोलावलं. तिने मला वर पाठवलं, उतरायला लावलं आणि म्हणाली, "मावशी, तुमी भिंतीला हात लावत उतरता. तुमाला माहीत हाय का?" मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, "पर तुमचं बघून काय उपेग? बाबांना उतरताना बघितल्याबिगर मी पाइप कापणार न्हाई."

आता आली पंचाईत. हे अजून दवाखान्यातच होते, आणि तिथे सांगितलेलं की रेलिंग बसल्याशिवाय पेशंटला त्या जिन्यावर नेऊ नका. आणि ही म्हणत होती की पेशंट जिन्यावर दिसल्याशिवाय रेलिंग नाही. विजय चिडला. "ताई, बाबा काय उडत वर येणार का?"

कुसुमने रात्रभर विचार केला असावा. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच आली, पिशवीत पाइपचे तुकडे घेऊन. वॉर्डच्या दारात वॉचमनने अडवलं.

"हे काय घेऊन चाललात?"

"रेलिंग हाय. बाबांना पसंत करायचंय."

"इथे?"

"मग कुठं? ते चालत न्हाईत म्हणून तर पाहिजे."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सोडा तिला. नाही सोडलीत तर दिवसभर तुमच्या दवाखान्याच्या जिन्याला नावं ठेवीत बसेल." त्याने सोडलं.

तिने ह्यांच्या उजव्या हातात एकेक तुकडा दिला. जाड पाइप त्यांच्या मुठीत पुरा मावेना. चौकोनी दिला तर म्हणाले, "हा टोचतो." विजयला चौकोनीच हवा होता आणि खाली काच, त्याच्या सोसायटीच्या लॉबीत आहे तसं. "काच असली की घर मोकळं दिसतं," तो म्हणाला. "दिसतं दादा," कुसुम म्हणाली, "पर काच धरता येत न्हाई." तिसरा तुकडा गोल, बेताचा. ह्यांनी डोळे मिटले, मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. "हा. आमच्या क्रेनच्या शिडीला असाच होता." हे कंपनीत ओव्हरहेड क्रेनवर होते. रोज लोखंडी शिडीने वर केबिनमध्ये चढायचं आणि शिफ्ट संपली की उतरायचं, तीच नोकरी त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली.

रेलिंग बसलं, उघड्या बाजूला, कठड्याच्या वर. रेलिंग उघड्या बाजूलाच बसतं. भिंतीकडे कोण पडतं? कुसुमचा नवरा बोल्ट आवळून गेल्यावर तिने स्वतः पाइपला लोंबकळून पाहिलं. शिलाईवाल्याला लोंबकळायला लावलं. हे घरी आले. उजव्या हाताने पाइप धरला, चांगला पाय वर, लुळा पाय मागून, असं करत सावकाश चढले. वर पोचल्यावर विजयने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

कुसुम हसली नाही. "चढणं झालं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती दारात हजर. डोळे सुजलेले. "झोप न्हाई लागली. उतरताना बघायचंय." विजय शिफ्टला गेला होता. हे तयार होऊन जिन्याच्या तोंडाशी आले. कुसुम खाली हात पसरून उभी. ह्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला.

हाताला भिंत लागली. नुसती भिंत, धरायला काही नाही. पाइप डाव्या अंगाला होता आणि तो हात गळ्यात अडकवलेला.

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. कुसुमला कळलं. तिने कपाळावर हात मारला. "मावशी, चढताना उजवा तो उतरताना डावा. तुमी भिंतीला हात लावून उतरला होता, मी डोळ्यांनी बघितलं होतं. बाबांचा हात बघितला, त्यांचं उतरणं न्हाई बघितलं. बाबा, हलू नका! आत जा!"

आत जायचं तरी कसं? ते पहिल्या पायरीवर एक पाय टाकून तसेच अडकले होते. मी मागून त्यांचा सदरा धरला. मी काही पैलवान नाही. ते गेले असते तर मीही गेले असते. खाली शिलाई मशीनचा आवाजही थांबला. मला एकच दिसत होतं, आज हे उतरले नाहीत तर घर गेलं, आणि उतरायला गेले तर हेच जातील.

"सोड," हे म्हणाले.

"नाही सोडणार."

"अगं सोड. मला वळू दे."

भिंतीला पाठ टेकून ते इंच इंच वळले. वळून माझ्याकडे तोंड केलं, पाठ खाली रस्त्याकडे. आणि उजवा हात टाकला तो बरोबर पाइपवर पडला. "शिडीकडे पाठ करून कधी उतरायचं नाही," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी फोरमनने शिकवलं होतं." लुळा पाय खाली, मग चांगला. लुळा खाली, मग चांगला. तोंड वर, माझ्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, पायांकडे बघायची माझी छाती झाली नाही. कुसुम त्यांच्या मागे पायरी पायरी उलटी सरकत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. देवाचं नाव असेल किंवा शिव्या असतील.

ते जमिनीला टेकले तेव्हा म्हणाले, "शिफ्ट संपली." कुसुम मात्र रस्त्यातच खाली बसली.

संध्याकाळच्या आत तिने भिंतीकडून दुसरा पाइप बसवला. काम होईपर्यंत तिने चहासुद्धा घेतला नाही. ह्यांना पुढे तोंड करून, पुढच्या पावली उतरायला तिनेच शिकवलं. हे शिकले. ती समोर असली की पुढच्या पावली उतरत, ती गेली की उलटे. म्हणत, "मला केबिनमधून उतरल्यासारखं वाटतं, तू मध्ये बोलू नकोस." घर राहिलं. रोज संध्याकाळी कट्टा राहिला. माझी धाकधूक मात्र गेली नाही. ते उतरायला लागले की हातातलं काम टाकून मी दाराशी जायची.

कुसुम या बाजूला आली की घरी यायची, पण घरात नाही. आधी दोन्ही पाइपांना लोंबकळायची, बोल्टवरून बोट फिरवायची, मग खालूनच ओरडायची, "बाबा बरे हायेत ना?" पाऊस लागला की तिचा फोन. "मावशी, पायऱ्या ओल्या असतील. बाबांना सांगा, आज कट्टा राहू द्या." मी चिडायची. "तू तुझ्या कामाकडे बघ," म्हणायची. आणि फोन ठेवून ह्यांना सांगायची, आज कट्टा राहू द्या.

हे गेले ते दुपारच्या झोपेत. कुसुम तेव्हा गावाकडे होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आली. घर माणसांनी भरलेलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत. ती वर आली नाही. जिन्याच्या पायथ्याशी पाइप धरून उभी होती, म्हणून मीच दाराशी गेले. लोक अशा वेळी काय विचारतात? कसं झालं, त्रास झाला का, शेवटी काही बोलले का. तिने वर बघून विचारलं, "मावशी, जिन्यावर न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं. "पलंगावर."

ती शेवटच्या पायरीवर बसली आणि अशी रडली, की बाहेरच्या लोकांनी विचारलं, ही मुलगी का?

विजय माझ्या मागे येऊन उभा राहिला. "आई, आता तरी चल माझ्याकडे," म्हणाला. "गुडघे बघ तुझे. एकटी कशी चढ-उतार करणार?" त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. खालून कुसुमने ते ऐकलं. तिने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि उभी राहिली.

"मावशी, तुमी उतरून दाखवा."

"आज? एवढ्या लोकांत?"

"आजच. आता तुमी एकट्या उतरणार."

सगळे बघत होते. मी भिंतीकडचा पाइप धरला. तो उन्हाने कोमट झाला होता. खाली कुसुम दोन्ही हात पसरून उभी होती. अर्ध्यावर आल्यावर मी तिला म्हटलं, "बाजूला हो, मला जागा दे."

ती हलली नाही.