ज्वारीचं विरजण

पाची बोटांची टोकं जुळवायची, हात छातीपाशी धरून हळूच खाली-वर हलवायचा आणि म्हणायचं, “शुवय्या, शुवय्या.” हळूहळू, दमानं, थोडं थोडं, असा त्याचा अर्थ. माझ्या वरच्या खोलीत राहायला आलेल्या त्या बाईचं हे ठरलेलं. कपडे वाळत घालताना दोरी तुटली, शुवय्या. आठ दिवस झाले तरी नळाला पाणी नाही, शुवय्या.

हा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. आपल्याकडं कुणी पाच बोटं जुळवून दाखवली तर तुम्ही काय समजाल? पोटाला मागतंय. ते लोक आले त्या दिवशी भर एप्रिलचं ऊन. मी दारातून घाई करत होते, “चला चला, आत या, डोकं तापलं असंल,” आणि ती जिन्यावरून सामान चढवता चढवता मला बोटं जुळवून दाखवत होती. मला वाटलं, उपाशी आहे बिचारी. तशीच आत गेले अन् ताट वाढून आणलं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा.

तिला दोन मुली. थोरली नऊ-दहा वर्षांची, धाकटी चारेक वर्षांची, डोळे केवढाले. धाकटीला तो हिरवा रंग आवडला असणार. तिनं बोट भरून ठेचा घेतला आणि सरळ तोंडात घातला. पुढचं सांगायला नको. गल्लीच्या टोकापर्यंत रडणं गेलं. मी साखर दिली, दूध दिलं, पण त्या दिवसापासून त्या पोरीनं या घरातल्या अन्नापुढं तोंड म्हणून उघडलं नाही.

आता ते कोण, कुठले, ते सांगते. नवरा सुदानचा. इथल्या विद्यापीठात संशोधन करायला तो आधी एकटा आला होता. तो इकडं असताना तिकडं लढाई पेटली. ही बाई दोन मुलींना घेऊन घरातून निघाली, ह्या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडं करत करत, शेवटी विमानानं इथं पोचली. दीड वर्षानं चौघं एका छपराखाली आली, ते छप्पर माझं.

खोली द्यायला मी फार विचार केला असं नाही. पुण्याहून लेकाचा फोन आला, “आई, परदेशी माणसं म्हणजे पोलिसात कागद द्यावे लागतात. कशाला झंझट?” मी म्हटलं, “द्यावे लागतात तर देऊ. मला लिहिता येतंय.” लिहायला मी शाळेत शिकले नाही. मी खानावळ चालवायचे तेव्हा विद्यापीठातली पोरं जेवायला यायची, त्यांच्या वह्या बघत बघत शिकले. पण खरं कारण दुसरंच. आम्ही नवरा-बायको पैठणकडच्या खेड्यातून या शहरात आलो, तेव्हा खोली बघायला गेलो की लोक आधी आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की ती खोली नेमकी कालच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, आपलं घर झालं तर दारात उभ्या माणसाला आधी पाणी विचारायचं.

ती उंच, सावळी, चालणं सावकाश. अंगाभोवती भलंमोठं रंगीत कापड गुंडाळायची, एक टोक डोक्यावरून खांद्यावर टाकलेलं. तिकडं त्याला तोब म्हणतात. समोरची मंदा जिभेची तिखट. पहिल्याच सकाळी म्हणाली, “काकू, तुमची भाडेकरीण साडी नेसलीय का पांघरलीय?”

“तुझ्यापेक्षा बरी नेसलीय. चालताना पायात तर येत नाय,” मी म्हटलं.

तिला हिंदी येत नव्हती, मला अरबी येत नव्हती. नवरा तोडकीमोडकी हिंदी बोलायचा, पण तो दिवसभर विद्यापीठात. मग आम्ही दोघी आपापल्या भाषेत बोलायचो. ती मला अम्मा म्हणायची, कारण नवरा म्हणायचा. मी तिला बाई म्हणायचे. बाई हे नावच आहे असं तिला पुष्कळ दिवस वाटत होतं.

धाकटीचं मात्र काही केल्या जमेना. मी मऊ भात केला, मुगाची खिचडी केली, शिरा केला. ती वास घ्यायची आणि आईच्या तोबमध्ये तोंड लपवायची. केळं आणि बिस्किट, बिस्किट आणि केळं. आठवड्यात पोरीचे गाल बसले.

एका संध्याकाळी तिचा नवरा खाली आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“अम्मा, मेरी साली कैरो में है. पंद्रह दिन देखता हूँ. छोटी नहीं खाई, तो तीनों को उधर भेजूँगा.”

“और तू?”

“मैं इधर. पढ़ाई पूरी करना है.”

“फिर कब मिलते?”

तो चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिला. वर जिन्यात ती उभी होती. भाषा कळत नसली तरी कैरो हा शब्द तिला कळला असणार. त्या वेळी तिनं बोटं जुळवली नाहीत.

यापुढचं सांगताना मला अजून लाज वाटते.

दहा दिवस गेले. मंदा गच्चीवर पापड घालायला आली होती, ती नाकाला पदर लावूनच खाली उतरली. “काकू, वर काहीतरी सडलंय बघा. पोरींना रोग होईल.” मी गेले. जिन्याच्या वरच्या टोकाला, ऊन लागेल अशा जागी, मीच दिलेलं जर्मनचं पातेलं फडकं झाकून ठेवलेलं. फडकं उचललं तर आत ज्वारीचं पीठ कालवलेलं, वर फेस, बुडबुडे आणि नाकात जाणारा आंबट वास. मला वाटलं, पोरीच्या काळजीत ही पीठ भिजवून विसरली. आधीच लेकरू खात नाही, त्यात हे पोटात गेलं तर? मी ते मोरीत ओतलं, पातेलं राखेनं घासघासून लख्ख केलं आणि उन्हात पालथं घातलं. वर स्वतःवरच खूश होऊन चहा ठेवला.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. पातेलं बघितलं. उलटं करून आत बघितलं, मग मोरीकडं बघितलं. पायरीवर बसली आणि पातेल्याच्या काठाखालून एक बोट गोल फिरवलं, कुठं कणभर चिकटून राहिलंय का ते बघायला. मी राखेनं घासलेलं. काय राहणार?

संध्याकाळी नवऱ्यानं सगळं उलगडून सांगितलं. त्यांच्याकडं ज्वारीचं पीठ आंबवून कागदासारखी पातळ पोळी करतात, तिला किसरा म्हणतात. तिथली पोरं त्यावरच वाढतात. आंबवायला जुन्या पिठाचं विरजण लागतं. निघताना हिच्या आईनं आपल्या घरचं विरजण वाळवून, पुरचुंडी बांधून हिच्या हातात दिलं होतं. ते सगळं त्या पातेल्यात पडलं होतं.

“उसकी माँ उधरीच है,” तो म्हणाला. “फोन लगता नहीं.”

मी म्हटलं, “बेटा, मेरे को मार दो चप्पल.” तो हसला, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. पंधरा दिवसांतले अकरा होऊन गेले होते.

त्या रात्री मला एकच गोष्ट खात राहिली. माझ्या सासूबाई उन्हाळ्यात आंबील करायच्या आणि आंबिलीचं मडकं कुणाला घासू द्यायच्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मी एकदा घासलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. म्हणजे मला हे माहीत होतं. आपल्या घरचं असलं की कळतं, दुसऱ्याच्या घरचं असलं की सडलेलं वाटतं.

सकाळी उठून तिच्या दाराशी जायचं, पाया पडायचं, असं ठरवलं होतं. पण तीच आधी खाली आली. हातात ते पातेलं. माझ्यासमोर धरलं, दुसऱ्या हाताची पाची बोटं जुळवली आणि म्हणाली, “शुवय्या.” त्या दिवशी मला अर्थ कळला. नवऱ्यानं सांगायची गरज पडली नाही.

मी तिला ज्वारीच्या कोठीपाशी नेलं. माझ्या भावाच्या रानातला शाळू होता. तिनं कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर दाणे वर काढले, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. मग भराभरा काहीतरी बोलत सुटली. मी म्हटलं, “व्हय बाई, तीच ती.” दोघी गिरणीत जाऊन दळून आणलं. माझ्याकडं आंबील होतीच. मी पळीभर आंबील तिच्यापुढं धरली. तिनं चाखली, डोळे बारीक केले, थोडा विचार केला आणि पिठात ओतली.

मग मी राखणीला बसले. दोन दिवस जिन्याखाली खुर्ची टाकून. मंदा म्हणाली, “काकू, पातेल्याला काय सोन्याचं कडं हाय का?” मी म्हटलं, “तू फक्त त्याच्याजवळ जाऊन दाखव.” आपलं ऊन कधी नव्हे ते कामाला आलं. चौदाव्या दिवशी सकाळी फडकं उचललं तर पीठ काठापर्यंत फुगलेलं, तोच नाकात जाणारा वास. एवढा गोड वास मी आयुष्यात घेतला नाही.

खानावळीचा माझा मोठा सपाट तवा माळ्यावरून काढला. पीठ पसरायला तिला ताडाचं पान हवं होतं. ते कुठून आणू? झाडायचा नवाकोरा शिंदीचा फडा होता, त्याचं एक रुंद पान तिनं कापलं, धुतलं. तव्यावर पळीभर पीठ टाकायची आणि त्या पानानं एका फिरकीत पसरवायची. पहिल्या तीन फाटल्या. माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, “सरक, मी थापते.” पीठ एवढं पातळ, थापायला गेले तर कोपरापर्यंत ओघळलं. माझा हात बघून ती हसली. ते तिचं माझ्या घरातलं पहिलं हसणं, मोठ्यानं, पोट धरून.

चौथी निघाली. पातळ, जाळीदार, अख्खी.

वास वर गेला असावा. धाकटी जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली. मग एक पायरी खाली. मग आणखी एक. मी तिला बोलवायला तोंड उघडलं, तर आईनं माझा हात दाबला. आम्ही दोघींनी तिच्याकडं पाठ केली. बाई तव्याकडं बघत राहिली, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. भेंडीचं बिनतिखटाचं कालवण आणि किसऱ्याचं ताट मागं ठेवलेलं. जरा वेळानं ताटलीचा आवाज झाला. मग चमच्याचा. मग बराच वेळ काही नाही, नुसतं चावणं. कॅलेंडरवर कोणता महिना होता म्हणाल तर सांगता यायचं नाही. मग एक छोटा हात माझ्या लुगड्याला लागला, रिकामी ताटली पुढं केलेली.

नवरा संध्याकाळी आला. ताटात दोन किसरे उरले होते. त्यानं एकाचा तुकडा तोडला, उभ्यानंच खाल्ला. थोरलीनं त्याला काहीतरी सांगितलं, धाकटीकडं बोट दाखवून. त्यानं बायकोकडं बघितलं. मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेला आणि पुष्कळ वेळ नळाखाली उभा राहिला, नळाला पाणी नसताना. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, “अम्मा, इधर स्कूल कौनसा अच्छा है?”

आता ते इथं नाहीत. त्याचा अभ्यास पुरा झाला, ओमानात नोकरी मिळाली, चौघंही गेली. इथं असताना ती माझ्याकडून पुरणपोळी शिकली. मी किसरा शिकले, पण माझा अजून फाटतोच. जाताना आम्ही दोघी एकमेकींना काय बोललो ते दोघींनाही कळलं नाही.

तिची आठवण आली की मला किसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ दिसते. मी सांगितलेल्या शाळेत नावं घालायला ते निघाले होते. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची फाइल काखेत. थोरलीच्या घट्ट वेण्या. बाई पिवळ्या तोबमध्ये, नेहमीपेक्षा ताठ. मंदा दारात झाडत होती. त्यांना वाट द्यायला ती बाजूला झाली आणि एकदाची काही न बोलता उभी राहिली. मी उंबऱ्यातून बघत होते. गल्ली अरुंद, चौघांना एका ओळीत चालता येईना, म्हणून एकामागं एक गेले. सगळ्यांच्या पुढं धाकटी होती.