गरम चिकाचं पातेलं

शेजारच्या गच्चीवरून गव्हाचा चीक शिजल्याचा आंबूस वास आला आणि पुसदच्या घरातला तो चैत्र आठवला. धाकटी आठ महिन्यांची होती, थोरला नुकताच गोवरातून उठला होता. कित्येक रात्री मी सलग झोपले नव्हते. माझी नणंद, सुमनताई, मारेगावहून कुरडया करायला आली होती. तिच्या फटकळ तोंडाची मला धास्तीच वाटायची.

गच्चीवर गरम चिकाचं पातेलं समोर, लेक मांडीवर आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागला. जागी झाले ती ताईच्या ओरडण्याने. लेकीने पातेल्याकडे झेप घेतली होती आणि ताईने मध्ये हात घातला होता. तिच्या मनगटावर चीक सांडला होता.

सासूबाई धावत वर आल्या. “काय झालं वं?”

“काही नाही, आई. माह्याच हातून कलंडलं,” ताई म्हणाली. मनगट गार पाण्यात धरून ती माझ्याकडे वळली. “तू खाली जाऊन झोप. पोरगी राहू दे माह्यापाशी.”

मी गेले. फार भाजलं का, एवढंही तिला विचारलं नाही. आज त्याची लाज वाटते. तेव्हा लाज वाटण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं.