दुसरा नमुना

सर्जनसाहेबांचा पुण्याहून फोन आला तेव्हा माझ्यासमोर एकाच माणसाच्या रक्ताचे दोन आकडे होते, आणि ते जुळत नव्हते.

"बाई, सोपानरावांचं अल्ब्युमिन किती आलं? उद्या पोट उघडायचं का नाही, तेवढं सांगा."

चिंचवडला कामगारांच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. सोपानराव भोसरीचे, तिथल्याच वर्कशॉपमध्ये टर्नर. जठराचा कॅन्सर. खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. सर्जनसाहेब आठवड्यातून एकदा यायचे आणि त्यांचा नियम सरळ होता. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ते तीनच्या खाली असेल तर आतले टाके धरत नाहीत. अशा पेशंटला आधी आतड्यात नळी घालून दोन-तीन आठवडे अन्न द्यायचं, रक्त चढवायचं, मगच मोठं ऑपरेशन.

पहिला नमुना ॲडमिट झाले त्या दिवशी मीच घेतला होता. "किती काढता बाई? एवढं ऑईल तर लेथलाबी लागत न्हाई," म्हणाले होते. अल्ब्युमिन साडेतीन. मग दोन दिवस सलाईन चाललं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनं दुसरा नमुना खाली पाठवला. त्यात दोन पूर्णांक दोन. हिमोग्लोबिनही अकराचं आठ झालेलं.

मला वाटलं, सिस्टरनं सलाईनच्याच हातातून रक्त काढलंय. तसं केलं की त्यात पाणी मिसळतं आणि सगळे आकडे खाली येतात. आठवड्यापूर्वी असाच एक रिपोर्ट माझ्या हातून गेला होता. आमचे पॅथॉलॉजिस्ट सगळ्यांदेखत म्हणाले होते, "वा बाई! आज सलाईनचं अल्ब्युमिन केलंत. उद्या नळाच्या पाण्याचं करा."

वॉर्ड वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. जाऊन विचारायचं, कोणता हात? पण साहेब फोनवर थांबले होते.

"साडेतीन," मी म्हणाले.

"छान. घेतो मग उद्या."

दुसरा आकडा मी रजिस्टरला चढवलाच नाही. रक्ताची ती छोटी बाटली, आमचा बल्ब, मोरीत धुऊन टाकला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी रक्त घ्यायला वर गेले. सोपानराव हुशारीत होते. उजवा हात धरला, तर कोपराच्या खळगीत निळा डाग.

"हे कधीचं?"

"आप्रेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनं घेतलं की. डाव्यात सलाईन हुतं, म्हनून ह्यातनं. दोनदा टोचलं बघा. मी म्हनलं, सिस्टर, होल एकदाच मारायचं असतंय, न्हाईतर जॉब रिजेक्ट!"

ते हसले. मी सुई लावली.

दुसरा नमुना बरोबर होता. खोटा होता तो पहिला. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि आकडे चांगले दिसतात. सलाईननं पाणी भरून निघालं, तेव्हा खरा आकडा बाहेर आला. हे मी शिकले होते.

खरं तर इथपर्यंत ती नुसती चूक होती. निळा डाग दिसला त्याच दिवशी साहेबांना फोन केला असता तर त्यांनी तोंडावाटे काही द्यायची घाई केली नसती, जास्त लक्ष ठेवलं असतं. मी केला नाही. नोकरी गेली असती, असं मी मनाशी म्हणाले. गेली नसती. ओरडा बसला असता.

पाचव्या दिवशी त्यांना चहा दिला. सहाव्या दिवशी ताप चढला, पोट दगडासारखं झालं. आत टाके घालून जोडलेला सांधा सुटला होता. साहेबांनी पुन्हा उघडलं. नवव्या दिवशी सोपानराव गेले.

"आजारच मोठा होता," साहेब म्हणाले. कुणी मला काही विचारलं नाही.

विचारलं फक्त त्यांच्या बायकोनं. शेवंताबाई लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. "बाई, रगत तर चांगलं निगालं हुतं न्हवं त्यांचं? डाक्टर म्हनले हुते."

"हो," मी म्हणाले.

सहा-सात वर्षं झाली. नीट तयारी करूनही ते वाचले नसते, असं होऊ शकतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते कळायची सोय मीच मोरीत ओतून टाकली होती.

नव्या टेक्निशियनना मी एक गोष्ट शिकवते. दोन आकडे जुळले नाहीत तर त्यातला सोयीचा उचलू नका. वर जा, हात बघा, रक्त पुन्हा घ्या. बावीस पायऱ्या आहेत. एक मिनिटही लागत नाही.